चित्ररथातल्या यानाचा कप्तान

टायटसव्हिल, फ्लोरिडा
१८ जून

प्रिय मेहुणेबुवा लॉवेल यांस,

व्हर्नन स्टकीचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आणि मार्जोरीबाईंचा रक्तदाब दोन्ही ताळ्यावर असतील, अशी आशा आहे. पत्र मात्र बसून वाचा, कारण तुम्ही हवाई दलात सव्वीस वर्षं काढलीत आणि पुढचा मजकूर त्या दलाला झोंबणारा आहे. या विजयाची खरी किंमत आधीच सांगून टाकतो: यानासाठी मी पदरचे दिलेले प्लायवूडचे अकरा तक्ते, माझं पाच पौंड वजन आणि हॅडली क्रूची मैत्री. स्वस्तात पडला म्हणायचा!

तुम्हाला ठाऊकच आहे की चार जुलैच्या मिरवणुकीत आमच्या माजी सैनिकांच्या सभागृहाचा चित्ररथ असतो, त्यावर लाकडी अंतराळयान असतं आणि गेली बावीस वर्षं त्यात कप्तान म्हणून हवाई दलाचाच माणूस बसतो. यंदा मी नौदलाच्या वतीने सभेत उभा राहिलो. म्हटलं, माणसं घेऊन जाणारं यान कुठल्या दलाने चालवावं, याचा एकदा निकाल लावा. हवाई दलाचा हॅडली म्हणाला, "व्हर्न, पहिले अंतराळवीर वैमानिक होते. तू आपला शौचटाक्या उपस." (उपसतोच! एका ट्रकचे सात ट्रक केले ते काय हवेत उडून?) ओटिस प्रुइट लष्कराच्या वतीने म्हणाला, "पहिलं रॉकेट आमचं. तुम्ही दोघं नुसते प्रवासी." (अंतराळासाठी आता वेगळं दल निघालंय, पण त्यातला एकही निवृत्त माणूस अजून आमच्याकडे वर्गणी भरत नाही, म्हणून त्यांना मत नाही.) मी एवढंच विचारलं, की बाबांनो, यान तर यंत्रच चालवतं, पण बंद डब्यात महिनोन्‌महिने एकमेकांचे गळे न दाबता राहायचं कुणाला जमतं? मी स्वतः पाणबुडीत सलग सत्तर दिवस काढलेत. शेवटी ठरलं, की तिघांनी शनिवारी भर दुपारी त्या लाकडी यानात बसायचं. जो शेवटी बाहेर येईल, त्याचं दल श्रेष्ठ आणि तोच यंदाचा कप्तान.

आत जून महिन्याची भट्टी. हॅडलीचे हात शिवशिवत होते. "इथे चालवायला काहीच नाही रे!" असं चौदा वेळा म्हणाला (मी मोजलं) आणि पन्नासाव्या मिनिटाला पळाला. पळाला तो थेट सभागृहाच्या बारमध्ये, पाणी प्यायला, आणि डोक्यावर अंतराळवीराचं शिरस्त्राण तसंच! टोपी घालून बारमध्ये शिरेल त्याने सगळ्यांना पाजायचं, हा आमचा नियम. नियम मोडल्याची घंटा वाजली. हवाई दलाने एकतीस जणांना बिअर पाजली. पुढे तासाभराने ओटिस मला म्हणाला, "व्हर्न, लष्कराला लघवीला जायचंय," आणि गेला. मी जिंकलो होतो, पण नौदल घाईत नसतं. आणखी दोन तास मी एकटा आत बसून राहिलो. दार उघडलं तेव्हा लोकांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. (प्रयत्नच. ते पाच पौंड पुरेसे नव्हते.) बावीस वर्षांनी यानावर नौदलाचा झेंडा लागलाय, लॉवेल! तुमच्या डेटनमधल्या हवाई दलाच्या मित्रांना जरूर वाचून दाखवा.

तुमचा विजयी,
व्हर्नन

ता. क. चार जुलैला तुम्ही इकडे येऊन माझ्या जागी यानात बसाल का? नौदलाचा गणवेश माझा घाला, आपला घेर सारखाच आहे. शिरस्त्राणाची काच काळी आहे, कोणी ओळखणार नाही. मी झेंडा घेऊन बाजूने चालेन.

ता. क. २. कारण विचाराल म्हणून लिहितो. ओटिस रणगाड्यांवर होता. बाहेर पडल्यावर झाकण लावून कडी घालायची त्याची सवय अजून सुटलेली नाही. मी दोन तास दार बडवत होतो. बाहेर चिटपाखरू नव्हतं, सगळे हॅडलीची बिअर पीत होते. तेव्हापासून मी अंघोळसुद्धा न्हाणीघराचं दार उघडं ठेवून करतो.

ता. क. ३. नेडीनने हे पत्र वाचलं. तुमची बहीण म्हणते, दादाला खरं लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही. तर, ते सत्तर दिवस पाणबुडी दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि मी रोज संध्याकाळी जेवायला घरी येत होतो.