अप्पांच्या नळाचं पाणी

चामराजपेट,
रविवार

प्रिय शार्दूल,

फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघं एकमेकांचं पुरतं ऐकून घेत नाही. म्हणून लिहिते आहे. घरून पत्र आलेलं पाहून दचकू नकोस, अप्पांची तब्येत बरी आहे. शिलाईच्या मशीनवर अजून रोज दोन-तीन तास बसतात.

तुझ्या कंपनीने आपल्या घरी प्रचाराचा व्हिडिओ केला, त्याला तीन आठवडे झाले. त्या सकाळी तुझी माणसं सातलाच आली. टँकरने आपली टाकी भरली, नळाला नवी तोटी बसवली, माझी फुटक्या कडेची बादली बरी दिसत नाही म्हणून मागे नेऊन ठेवली. मग उमेदवारसाहेब 'सहज जाता जाता' आत आले, नळाचं पाणी प्यायले, आणि तू पाठ करून घेतलेलं वाक्य अप्पांनी म्हटलं, "साहेबांमुळे आता गल्लीत स्वच्छ पाणी येतं." दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा जमलं. मी तेव्हा हसले होते, हे कबूल करते. भावाचं काम आहे, स्वल्प मदत केली तर काय बिघडलं, असं वाटलं.

पाणी होतं तसंच आहे. पहिला अर्धा तास गटाराचा वास येतो. लोक चिडतसुद्धा नाहीत आता. प्रचाराची रिक्षा ओरडत गेली तरी कुणी दारात येत नाही. सगळं शूटिंग असतं म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. आपल्या व्हिडिओबद्दलही कुणी तोंडावर काही बोललं नाही.

समोरच्या सोयराबाईंची नात पोटाच्या दुखण्याने चार दिवस दवाखान्यात होती. तिला घरी आणलं त्या सकाळी बाई घागर घेऊन आपल्या दारात आल्या. टोमणा मारायला नव्हे रे, खरोखर पाण्याला. म्हणाल्या, "कृष्णाजीअण्णा, तुमच्याकडे चांगलं पाणी येतंय, मोबाईलवर बघितलं मी. पोरीपुरती एक घागर द्या."

अप्पांनी नळ सोडला, वास घेतला आणि बंद केला. "आमच्याकडेही तसलंच येतं, अक्का," एवढंच म्हणाले. मग व्हिडिओत तसं का सांगितलं, हे सोयराबाईंनी विचारलंच नाही. "सरी, बरं," म्हणाल्या आणि रिकामी घागर घेऊन गेल्या.

त्या दिवशी अप्पा मशीनवर बसले नाहीत. गुरुवारी कपडे देतो म्हटलं की गुरुवारी देणारा माणूस तो. दुपारी जेवताना मला म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही. तिनेही घेतली नाही बघ." आणि ताटावरून उठले.

काल संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर पाण्यासाठी गल्लीची बैठक होती. अप्पा उभे राहिले. टँकरपासून पाठ केलेल्या वाक्यापर्यंत सगळं सांगितलं आणि सोयराबाईंकडे वळून हात जोडले. नागराजअण्णांनी ते मोबाईलवर घेतलं, अप्पांना विचारूनच. ते लगेच सगळीकडे पाठवणार होते, पण अप्पांनी त्यांना गुरुवारपर्यंत थांबायला सांगितलं. "मुलाला आधी घरून कळू दे," म्हणाले. म्हणून हे पत्र. उद्या सकाळीच स्पीड पोस्टने टाकते. वाक्य कुणी शिकवलं, असं बैठकीत विचारलं तेव्हा अप्पांनी तुझं नाव घेतलं नाही. "माझ्या मुलानं," म्हणाले. त्यांना मुलगा एकच आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुझ्या नोकरीचं काय होईल ते मला सांगता येत नाही. राग आला तर ये, नाही आला तरी ये. गल्लीतून मान वर करून चालणं पहिल्या दिवशी जड जाईल. अप्पा म्हणालेत, बसस्टॉपपर्यंत मी येतो त्याला घ्यायला.

तुझीच,
प्रतिमाक्का