मकरीच्या टोपीचा वारस

मी, सोमनाथ कचरू खिल्लारे, वय ७०, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, चितेगावच्या कारखान्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र दवाखान्याच्या खाटेवर बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर ‘काळजी करू नका’ असे इतक्यांदा म्हणाले की मला घाम फुटला.

१. पडेगावचे घर आणि बँकेतील शिल्लक पत्नी भामाबाई हिची. तिच्या हयातीत तिला कोणी घर विकायला लावू नये. तिच्यानंतर सर्व मुलगी करुणा हिचे.

२. माझे गोलकीपरचे हातमोजे करुणाला. ती शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. मोजे फाटले आहेत, पण ती टाकणार नाही.

३. लोकरीची टोपी. ही ह्यू मॅक्रे या स्कॉटिश गोलकीपरची. त्याची पलटण छावणीत होती तेव्हा आमचे आजोबा तिच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. जाताना तो त्यांना टोपी देऊन गेला. आजोबा त्याला मकरी म्हणत. ही टोपी माझा थोरला भाऊ बन्सी याला द्यावी. आम्ही बोलत नाही, म्हणून कारण लिहून ठेवतो.

आजोबांनी मकरीची अर्धी गोष्ट मला सांगितली. तेव्हाच्या नियमाने गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता यायचा. मकरी गोल सोडून, चेंडू जमिनीवर आपटत मधल्या रेषेपर्यंत जायचा आणि लोक टोप्या उडवायचे. उरलेली अर्धी दादाला सांगितली. १९१२ साली नियम बदलला, हात फक्त गोलसमोरच्या चौकटीत. मकरी सवयीने बाहेर गेला, सामना हातचा गेला, क्लबने त्याला काढले आणि तो पलटणीत भरती झाला. अशा रीतीने आमच्या घरात एका शब्दाचे दोन अर्थ झाले आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

त्र्याऐंशी साली छावणीच्या मैदानावर अंतिम सामना होता. बरोबरी, अगदी शेवट, आणि लांबून चेंडू आला. बचावाला असलेला दादा ओरडला, “मकरी!” मी बाहेर धावलो. चेंडू माझ्या डोक्यावरून थेट गोलमध्ये.

“म्या जागा सोडू नको म्हनलो व्हतो!” दादा.

“मग तसं सांगायचं ना!” मी.

त्यानंतर त्याने मला हाक मारलेली नाही. माझ्या लग्नातही नाही. मला त्याचा राग आहेच, पण आज त्याची आठवण फार येते आहे.

४. तेव्हा आमच्याच बाकावर बसून हसलेल्या राखीव गोलकीपरला माझ्या मातीला बोलावू नये. आलाच तर चहा द्यावा.

५. हे कलम नंतर लिहीत आहे. करुणाने फोन केल्यावरून दादा आत्ता आला. एक साक्षीदार कमी होता. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, टोपीवर पाणी सोडावे लागेल. दादाने कलम तीन वाचले, पुन्हा वाचले आणि पेन मागितले.

“टोपी ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मला नाय पायजे.”

मी विचारले, “दादा, उद्या काय करू?”

“मकरी,” तो म्हणाला. “ह्या खेपेला भायेर ये, सोम्या.”

सबब कलम तीनमधील देणगी रद्द. टोपी माझ्याकडेच राहील.

सही: सोमनाथ कचरू खिल्लारे

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. ॲड. मृण्मयी पाठक
२. बन्सी कचरू खिल्लारे (थोरला भाऊ)

छत्रपती संभाजीनगर, दि. १८ फेब्रुवारी २०२५