विसाव्याचा आठवडा

सोमवार, ४ तारीख
नव्या घरी रुजू झाले. चौथा मजला, पण लिफ्ट चालू आहे आणि स्वयंपाकघरात ऊन येतं. म्हणजे नशीब उघडलंच म्हणायचं. आमच्या संस्थेचं काम साधं. घरच्या म्हाताऱ्या माणसांचं करून करून जे थकतात, त्यांना आठवडाभर विसावा द्यायचा. इथली लेक अकरा वर्षं आईपाशी आहे. तिनं मला औषधांचा डबा, कुशीला लावायची उशी, बिछान्यावरचं मेणकापड दाखवलं, बॅग उचलली आणि मागं वळून न बघता गेली. मला तिचा राग नाही आला. माझीही आई अंथरुणाला खिळलेली, सध्या शेजारच्या काकूंच्या भरवशावर. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! आई माझ्याशिवाय कुणाच्या हातचं नीट जेवत नाही. रविवारी येते असं तिला कबूल केलंय.

मंगळवार, ५ तारीख
आजी गोड आहेत. मला लेकच समजतात. अशा वेळी चूक दाखवायची नाही, हो म्हणायचं, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हातारं माणूस बावरत नाही. आज तीस-चाळीस वेळा तरी हो म्हटलं असेल. दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीला पावडर लावली, चमच्यानं भरवलं. लहानपणी मी किती हट्टी होते ते त्यांनी रंगवून सांगितलं. ऐकता ऐकता मलाही थोडं आठवल्यासारखं झालं.

बुधवार, ६ तारीख
लेकीचा फोन आला. स्वतःच्या आईबद्दल एकच वाक्य विचारलं, मग माझ्या आईबद्दल. उपाशीपोटी गोळी कुठली, कुठल्या कुशीवर झोप लागते, मला हाक काय मारते. इतक्या आपुलकीनं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. जरा जास्तच हलकं.

गुरुवार, ७ तारीख
काकूंना फोन केला. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, घरात बसून घरचीच चौकशी काय करतेस, आत्ता तर जिन्यात भेटलीस. आई पोटभर जेवली म्हणे. मी इथं आहे असं सांगत होते, त्यांचं दूध उतू गेलं, त्यांनी फोन ठेवला.
मी इथंच आहे.

शुक्रवार, ८ तारीख
आईला फोन. मी कोण, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, माझी लेक माझे पाय चेपत बसलीय, तुम्ही भलतीकडे फोन लावलात. मागून कुणीतरी बोललं. आवाज माझा —
रडू यायला हवं होतं. नाही आलं. दोन तास झाले होते, आजींची कूस बदलली.

शनिवार, ९ तारीख
निघाले. कुलूप घातलं. लिफ्टपर्यंत गेले. आत आजींना ठसका लागला — परत आले. माणसाला असं एकटं टाकून कसं जाणार?
पाठ चोळली, घोटभर पाणी पाजलं. त्यांना भीती वाटत असावी. मला काहीच —

रविवार, १० तारीख
संस्थेत फोन. तिथल्या बाईंनी नोंद बघितली. मदतनीस बुधवारीच सही करून घरी गेली. या पत्त्यावर आता आई आणि लेक, दोघीच.
मी हो म्हटलं. का म्हटलं —
बाई कनवाळू आहेत. म्हणाल्या, अकरा वर्षं एकटीनं करताय, थोडा विसावा घ्या, उद्या नवी मदतनीस पाठवते.
तिला आई आहे का, विचारलं.
आहे. अंथरुणाला खिळलेली.
बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती. बॅग भरली. माझी आई आता मला मिळायची नाही. पण त्या पोरीची — गोळी कुठली, कूस कुठली, हाक काय मारते — बुधवारी फोन करून सगळं नीट विचा—