हाकेच्या अंतरावरचं शिबिर

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अडचणीत सापडले की मी तुमच्याच नावाने कागद पुढे ओढते. परवा आमच्या आरोग्य संस्थेचं निवासी शिबिर आहे. आमचे डॉक्टर त्याला ‘रिट्रीट’ म्हणतात. तुमच्या भाषेत दोन दिवसांचा वानप्रस्थ, जेवणखाणासकट. भाईंदरच्या गोंगाटापासून लांब, समुद्राकाठी, म्हणून मी मोठ्या हुशारीने उत्तनचा हॉल ठरवला. आमची सगळ्यात जुनी आरोग्यसेविका त्याच हॉलपासून हाकेच्या अंतरावर राहते. तुम्ही वर्गात घोकून घेतलेली संस्कृतची शब्दरूपं अजून घडाघडा येतात मला, एवढं मात्र सुचलं नाही.

ती हल्ली गप्प असते. काम सोडायचं म्हणते. का, विचारलं की एकच उत्तर, “शिबिरात सांगते, ताई.” आणि काल म्हणाली, “सासू न्हाय सोडत.” म्हणून आज मी तिच्या घरी गेले. सासू अंगणात सुका जवळा निवडत होती.

“लांब न्यायची व्हती ना,” ती म्हणाली, “सांगितलं असतं टरेनिंगला गेली. हितून घर दिसतंय नि सून दुसरीकडं झोपते? लोक म्हनतील, आमी हाकलली.”

मी सुपापाशी बसले आणि जवळ्यातला कचरा वेचायला लागले. तुम्ही नाकाला पदर लावला असतात. पण शिकले तुमच्याकडूनच. पाठांतर स्पर्धेसाठी मला पुण्याला मुक्कामाला पाठवायला वडील तयार नव्हते, तेव्हा तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन आईसमोर बसलात आणि मेथीची जुडी ओढलीत. वाद नाही, विनवणी नाही. वडील दारात येतायत, जातायत. दुसरी जुडी सुटली तेव्हा म्हणाले, “परत कधी येणार?” आणि तुम्ही मान वर न करता रागावलात मलाच, “ऐकत काय बसलीस? पिशवी भर.”

माझं इतकं सरळ झालं नाही. सूप अर्धं झालं तशी सासू म्हणाली, “बरं, येऊ दे. पन मी बी येनार. जेवान काय हाय?” सून दारात उभी. माझ्याकडे बघतेय. मी नाही म्हणावं म्हणून बघतेय, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

“या की, मावशी. पापलेट नाही हं, वरणभात आहे.”

मावशी हसली. सून आत गेली.

आता परवा मावशी पहिल्या रांगेत बसणार आणि सून तोंड उघडणार नाही. मावशीला का बोलावलं, याचं डॉक्टरांना द्यायला कारण तयार आहे, की एरवी सून आलीच नसती. तेही खरंच. पण हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. शेजारच्या चौक गावचं कामही तिच्याच अंगावर टाकलं ते मीच, आणि ती गप्प झाली ती तेव्हापासून. मावशी येते म्हणाली तेव्हा, बाई, मला हायसं वाटलं.