गुरूच्या मानाचा विडा

मास्तर,

उद्या संध्याकाळपर्यंत साप्ताहिकाला मजकूर द्यायचा आहे. माझ्या आठवणींचं सदर दर आठवड्याला जातं आणि आजवर त्याला एकदाही उशीर झालेला नाही. नाटकाच्या तालमीला वेळेवर हजर राहायची सवय तुम्ही लावलीत, ती कागदावरही टिकली. या वेळी संपादकांनीच विषय सांगितलाय: अफू कशी सोडली ते लिहा, तरुण पोरं वाचतील. सकाळपासून बसलोय. दर वेळी वाक्य ‘मी निर्धार केला’ असं सुरू होतं आणि तिथंच अडतं. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला लिहावं.

वाशीच्या बाजारातला तो खेळ तुम्ही पाहिला नव्हता. नवे पडदे आणायला तुम्ही धाराशिवला गेला होता. माझा घसा बसलेला, अंगात ताप, आणि मी नायिकेचं लुगडं नेसून रंगपटात भिंतीला टेकून बसलेलो. नायिकाच नाही तर खेळ कसला? कंपनीचे मालक तळहातावर मोहरीएवढी गोळी घेऊन आले. म्हणाले, “जिभेखाली धर, घसा मोकळा होईल.” घसा मोकळा झाला, भीतीही गेली. पापण्या जड झाल्या, शब्द सावकाश यायला लागले आणि सगळा मांडव गप्प झाला. ही बाई डोळ्यांनी बोलते, असं लोक त्या दिवसापासून म्हणायला लागले. तुम्ही परत आलात, कौतुक ऐकलंत, दुसरा खेळ विंगेत उभं राहून पाहिलात. मी पदर सोडत होतो तेव्हा जवळ येऊन एवढंच विचारलंत, “ह्यो आवाज तुझा न्हाई. कुणाचा घेतलास?”

मग जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नळदुर्गच्या जत्रेत कासार माझ्या नावानं बांगड्या विकायचे. मोठ्या घरच्या बायका निरोप पाठवून विचारायच्या, पदर खांद्यावर कसा घेता. निजामाच्या मुलखात आमचा तंबू पडला की आसपासच्या गावांच्या बैलगाड्या दुपारपासूनच येऊन लागायच्या. आणि गोळी मोहरीची ज्वारी झाली, ज्वारीचा हरभरा झाला. सरकारी अबकारीचं अफूचं दुकान राजरोस होतं, चोरी कशाचीच नव्हती. मी तुळजाभवानीची शपथ घेतली, आईची घेतली, तुमच्या पायांवर हात ठेवून घेतली. प्रत्येक शपथ खेळाच्या वेळेपर्यंत टिकायची. तुम्ही दर वेळी ऐकून घ्यायचात आणि दर वेळी खरी मानायचात. निदान तसं दाखवायचात.

पावसाळ्यात खेळ बंद होऊन कंपनी बसली तेव्हा तुम्ही मला बेंबळीला तुमच्या बहिणीकडं नेलंत. तिचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. वर धुरानं काळं पडलेलं मातीचं धाबं, चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटतंय आणि मी चुलीशेजारी पोत्यावर मुटकुळं करून पडलोय. नाक गळतंय, पोटात पीळ पडतोय, पाय आपोआप झटकले जातायत. मी तिला शिव्या देतोय. ती वाटी पुढं करते. “पी रं बाबा. बाईचं सोंग घेतोस, मग बाईवानी कळा सोसायला नगं का?” तुम्ही दारात आडवे झोपलेले, मी पळू नये म्हणून. त्या कळांमध्येही मला हसू आलं होतं.

बरा झालो, पण मालकांना तो बरा झालेला नट नको होता. तालमीत आवाज भरभर निघायचा, डोळे टक्क उघडे. “बाई कुठं गेली?” त्यांनी तोंडावर विचारलं. नायिकेचं काम दुसऱ्याला द्यायचं म्हणाले. तेव्हा तुम्ही मला पुन्हा तालमीला बसवलंत. पापणी कुठल्या शब्दावर पडू द्यायची, बोलण्याआधी अर्धा श्वास कसं थांबायचं, मान वळताना नजर मागं कशी ठेवायची, सगळी नशा तुम्ही मला बिनगोळीची शिकवलीत. मालक खूश झाले. त्यांना वाटलं, पोरगं पुन्हा घ्यायला लागलं. आपण त्यांना तसंच वाटू दिलं.

घात त्यातच होता. मला अफू लागते, हे गावोगावच्या शौकिनांना ठाऊक होतं, आणि आपल्याकडं कलावंताचा मान करायची रीत म्हणजे विडा. अंक संपला की गावचा मानकरी मंचाच्या कडेला येणार, सगळ्यांसमोर विडा देणार. तो तिथंच खायचा, ओठ रंगलेले लोकांना दिसले पाहिजेत. नाकारला तर गावाचा अपमान. माझ्यावरच्या मायेनं ते लोक कात-चुन्याबरोबर आत गोळी ठेवायचे. बरा झाल्यावरच्या पहिल्याच खेळात पाटील विडा घेऊन आले. “घ्या बाईसाहेब, खास तुमच्यासाठी बांधलाय.” वास माझ्या नाकात शिरला. माझा हात पुढं गेलेला तुम्ही पाहिलात आणि मध्ये आलात.

“पाटील, शिष्याच्या तोंडात गुरूच्या आधी घास जात न्हाई आमच्यात. हा मान माझा.”

“आरं व्हय की! चुकलं आमचं,” पाटील म्हणाले, आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या. अशी कुठलीही रीत नव्हती. तुम्ही ती उभ्या उभ्या रचलीत आणि विडा चावून गिळलात. तोवर तुम्ही साधी सुपारीसुद्धा खात नव्हतात.

लोकांना ती गुरुभक्ती वाटली. तिची कीर्ती आमच्या गाड्यांच्या पुढं धावायला लागली. पुढच्या एका गावी मानकरी हसत हसत तबक घेऊन आले. “मास्तर, आमच्याकडं ती चूक न्हाई. दोन आणलेत. एक तुमचा, एक बाईचा. दोन्ही सारखेच जोरदार!” मी तुमच्या तोंडाकडं पाहिलं. तुम्ही तबकच हातात घेतलंत. “शिष्याचं सारं गुरूच्या चरणी,” म्हणालात, आणि दोन्ही खाल्लेत. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. पुढं सगळीकडं दोनच यायला लागले. मी म्हणायचो, मास्तर, कंपनी सोडू. तुम्ही म्हणायचात, “आन करशील काय? नांगर धरशील? तू उभा हाईस तवर मी चावतो.” एक दिवस खेळ नव्हता, आणि तुम्ही दुपारपासून नाक पुसत येरझारा घालत होतात. तुम्हाला काय होतंय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी रझाकारांच्या धास्तीनं रस्ते ओस पडले. मालक पेट्या-पडदे घेऊन सोलापूरकडं निघून गेले. आपण दोघं नळदुर्गला धर्मशाळेत राहिलो, कारण तुमच्यानं गाडीत बसवत नव्हतं. खेळ नाही, विडे नाहीत, दुकानाला कुलूप. बेंबळीला मी जे भोगलं तेच सगळं तुम्हाला सुरू झालं, फक्त माझं तरुण अंग तुमच्याकडं नव्हतं. वैद्य म्हणाले, या वयात एकदम तोडाल तर जीव जाईल, थोडी द्यावीच लागेल. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. तिकडंच बघत म्हणालात, “बघतोस का कुठं मिळती का?” तो आवाज मला ओळखीचा होता. मी तसाच मागायचो.

किल्ल्यापलीकडं माझा एक चाहता शेतकरी होता. मला पाहून तो उठूनच आला. “वाटलंच, बाई येनार!” कणगीमागून त्यानं गोळा काढला आणि एक तुकडा तोडून माझ्या तळहातावर ठेवला. “आधी हितंच घ्या, माझ्यासमोर.” मी म्हणालो, माझ्या मास्तरांसाठी हवीय. त्यानं डोळा मारला. “व्हय व्हय, मास्तरांसाठी.”

परत येताना ऊन होतं. तुकडा मुठीत मऊ झाला, हाताला चिकटला, आणि त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बोरी नदीपाशी मी तो पानात गुंडाळून ठेवला आणि वाळू घेऊन हात घासला, कातडी लाल होईपर्यंत. मग पान उचलून धर्मशाळेशी आलो, दारातल्या रांजणावर तोच हात पुन्हा धुतला आणि आत शिरलो.

तुम्ही आधी माझा ओला हात पाहिलात. “हात का धुतलास?”

“वास येत होता.”

“डोळं बघ तुझं.”

“जागरणानं झालेत, मास्तर. मी चाखली नाही. तुमची शपथ.”

तुम्ही हसलात. तसं हसताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. “सोंग मीच शिकवलं लेका तुला. आता शुद्धीवर असल्याचं सोंग माझ्यापुढंच करतोस व्हय?”

मग तुम्ही माझ्या हातातून पान घेतलंत, तुकडा तोंडात टाकलात आणि डोळे मिटलेत. त्यानंतर माझ्याशी बोललात ते फक्त पाणी मागण्यापुरतं. आठवडा संपायच्या आत तुम्ही गेलात. अंगावर विष घेऊन वाचवलेलं पोरगं शेवटी बुडालंच, असं मानून गेलात. मला याच्या पुढं कधी जाता आलेलं नाही. म्हातारा झालो, नाव झालं, अंगावर शाली पडल्या, पण मी अजून त्या धर्मशाळेच्या उंबऱ्याशी हात निथळत उभा आहे.

मी ती चाखली नव्हती, मास्तर. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. व्यसन सुटलेला माणूस म्हणून मला सभांना बोलावतात. मी बोलतो, लोक माना डोलावतात. त्यांना माझं पटतं, कारण त्यांनी मला खोटी शपथ घेताना ऐकलेलं नाही. ज्यानं त्या सगळ्या ऐकल्या होत्या, त्याला मात्र एकच खरी पटवून द्यायची राहिली, आणि आता ती ऐकायला तोच नाही.

साप्ताहिकाला मी लुगडं नेसायच्या पद्धतींवर काहीतरी लिहून पाठवीन. ते त्यांना चालेल. ही पानं कुठं जाणार नाहीत. ज्यांनी वाचावीत ते नाहीत, आणि बाकीच्यांना मी फार लवकर खरा वाटतो. तुमच्यावर मी पुष्कळ वर्षं रागावलो होतो. आज लिहिता लिहिता कळलं की त्या रागाला जागा नाही. तुमच्या जागी मी असतो, तर मीही विश्वास ठेवला नसता.