एकटीनं कुरडया करण्याचं यंत्र

अंबड, नाशिक
बुधवार, दुपार

चि. सौ. फुला हिस लताअक्काचे पोटभर आशीर्वाद. सहादूभावजींना नमस्कार. रविराज-पूजाला आशीर्वाद आणि नातवाला एक पापा (त्याचं नाव तुम्ही असं काही ठेवलंय की मला लिहिता येत नाही, म्हणून नुसतंच नातू).

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. यांची शुगर तेवढी वर-खाली करते आणि माझा डावा गुडघा जिन्याला नाही म्हणतो, बाकी ठीक. तुझी कंबर कशी आहे? चाकणच्या त्या अकराव्या मजल्यावर वारा तरी बरा येतो का? भावजी अजून पेपर मोठ्यानं वाचतात का, की सुनेसमोर लाजतात? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुझं बोलणं 'बरं हाय, अक्का' एवढ्यावर संपतं आणि माझा आवाज उगाचच चढतो (तीस वर्षं स्विचच्या कारखान्यात लाइनवर काढली, तिथं हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नव्हतं). पत्रात आवाज चढला तर तुला कागद लांब धरता येईल.

तर बातमी अशी की तुझी मोठी जाऊ संशोधक झाली. म्हणजे होता होता राहिली. पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सांगितलं तर तू नेहमीसारखी हसत सुटशील आणि मुख्य गोष्ट राहून जाईल.

दोन वर्षांपूर्वी तुमचा टेम्पो दारात भरत होता, तेव्हाचं तुला आठवत असेल. तू नातू सांभाळायला निघालीस हे चांगलंच होतं, त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला होता. तू म्हणालीस, उन्हाळ्यात कुरडयांना चार दिवस येऊन जाईन. त्यावर मी अख्ख्या गल्लीसमोर म्हणाले, माझं काही तुझ्यावाचून अडत नाही. चोवीस उन्हाळे आपण दोघी जावांनी एका गच्चीवर काढले. एकीनं गव्हाचा चीक घोटायचा, दुसरीनं तो गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायचा, आणि तोंडं दोघींची चालू. असं असताना ते वाक्य माझ्या तोंडून का आलं ते मला आजही कळत नाही. तू ते मनावर घेतलंस आणि आली नाहीस. मीही बोलावलं नाही. बोललेलं निभवायला नको का?

पहिल्या उन्हाळ्यात तुझ्या जागी मी यांना बसवलं. धोंडीराम पाटलांच्या हातात सोऱ्या देणं ही माझी पहिली चूक. त्यांनी पहिला घाणा अर्धा दाबला आणि उरलेला दूध-साखर घालून खाल्ला. दुसरा घाणा म्हणाले चव नीट कळली नाही म्हणून खाल्ला. तिसऱ्या घाण्याला त्यांचा दंड भरून आला आणि ते सावलीत जाऊन झोपले. मी एकीकडे पातेलं घोटतेय, एकीकडे सोऱ्या दाबतेय, तोवर चीक गार होऊन दगड झाला. त्या वर्षी दीड किलो गव्हाच्या कुरडया झाल्या, त्याही वाकड्या. निम्म्या कबुतरांनी नेल्या.

तेव्हा मी ठरवलं, एकटीला कुरडया करता येतील असं यंत्र करायचं. मी काही अडाणी नाही, स्क्रू कुठं कसायचा आणि स्प्रिंग कुठं बसते हे मला यांच्यापेक्षा जास्त कळतं. भंगारातून शिलाई मशीनचं एक जुनं पायडल आणलं. पायडलला तार, तार वरच्या आडव्या दांड्याला, दांडा सोऱ्याच्या दट्ट्यावर. पाय दाबला की दांडा खाली, चीक बाहेर. पाय काढला की स्प्रिंगनं दांडा वर. दोन्ही हात मोकळे, त्यामुळे खालचं ताट आपण गोल फिरवायचं आणि कुरडई आपोआप वळत जाते. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी पाय जरा जोरात पडला आणि चीक ताटात न पडता शेजारच्या चिमणाबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसला. (त्या अजून बोलत नाहीत. तसं आधीही आमचं फारसं बोलणं नव्हतं, म्हणून नुकसान मोठं नाही.) दुसऱ्या दिवशी स्प्रिंग उडाली, ती पाण्याच्या टाकीत सापडली. पण पंधरा दिवसांत यंत्र चालायला लागलं, खोटं सांगत नाही. फक्त एक अडचण होती. पायाला कुठं थांबायचं ते कळत नव्हतं. तू समोर बसून 'बास, अक्का' म्हणायचीस तेव्हा मी थांबायची. ते म्हणणारं कुणी नसल्यामुळे पहिली कुरडई परातीएवढी झाली.

आता आपल्या कॉलनीतली निकिता, तीच ती, लहानपणी आपल्या कुरडया ओल्याच पळवायची, ती पेटंटची कामं करते. गंगापूर रोडला तिचं ऑफिस आहे. तिनं यंत्र पाहिलं आणि म्हणाली, काकू, याचं पेटंट घेऊ. पेटंट म्हणजे काय, तर ही युक्ती जगात पहिल्यांदा आपल्याला सुचली असं सरकारनं लिहून द्यायचं. मला ते फार आवडलं. तिनं बावीस पानं इंग्रजीत लिहिली आणि मग मला मराठीत समजावून सांगितली. फुला, इतक्या पानांत कुरडई एकदाच आली, तीही कंसात. बाकी सगळीकडे 'शिजवलेला अर्धघट्ट पिष्टमय पदार्थ' आणि 'पायानं चालणारं दाबसाधन'. माझा पाय म्हणजे 'वापरकर्त्याचा खालचा अवयव'. हे वाचून यांनी मला आठवडाभर वापरकर्ते म्हणून हाक मारली. शेवटच्या पानावर संशोधकाचं नाव लिहायचं होतं. तिथं मी माझं नाव सांगितलं. एकच.

मधे इथंच अंबडला कारखानदारांचं प्रदर्शन होतं, निकितानं तिथं मला एक टेबल मिळवून दिलं (अर्ज आधीच दिलेला होता, म्हणून दाखवायला हरकत नव्हती). शेजारी विंचूरचे सावळीराम म्हणून एक गृहस्थ, त्यांचं कांदे निवडायचं यंत्र, कॅमेऱ्यानं सडका कांदा ओळखून बाजूला फेकतं. त्यांच्या टेबलावर गर्दी, माझ्या टेबलावर माशा. दुपारी ते माझ्याकडे आले, यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, "म्हंजी दुसरी बाई लागत नाय, ह्योच फायदा ना?" मी ताठ मानेनं हो म्हणाले. ते बरं म्हणून निघून गेले. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. यांनी विचारलं काय झालं, तर मी गुडघ्यावर ढकललं.

मग गेल्या महिन्यात पेटंटवाल्यांचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं दोन प्रकारचं होतं. एक, या कामातल्या माहीतगार माणसाला ही युक्ती सहज सुचली असती. मी निकिताला विचारलं, हा माहीतगार माणूस कोण? ती म्हणाली, कुणी खरा नसतो, कल्पनेतला धरायचा. मी डोळे मिटून धरून पाहिला, तर तो चाकणला राहतो, त्याच्या नाकात मोरणी आहे आणि तो पदराला हात पुसतो. दुसरं म्हणणं जास्त वाईट होतं. ही युक्ती नवी नाही, सात वर्षांपूर्वीच जगासमोर आलेली आहे आणि पुरावा म्हणून एक व्हिडिओ जोडलाय. निकिता म्हणाली, सुनावणीत बघू. असतो कुणीतरी चीनचा नाहीतर गुजरातचा, आपण फरक दाखवू.

सुनावणी निकिताच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरच झाली. समोर एक तरुण साहेब, बोलायला अगदी मऊ, मला सारखे मॅडम म्हणत होते. त्यांनी व्हिडिओ लावला. फुला, तो चीनचा नव्हता. आपली गच्ची होती. तुझी ती हिरवी साडी, शिलाई मशीनचा सांगाडा, पायडलला दोरी, दोरी आडव्या दांड्याला, दांडा सोऱ्यावर. तू पाय हलवतेस, ताट फिरवतेस आणि खाली कुरडई पडतेय, छान गोल, बेताची. रविराजनं ते मोबाईलवर घेऊन 'आईची आयडिया' म्हणून टाकून दिलं होतं. दोनशे चौदा लोकांनी पाहिलंय. मग मागून माझा आवाज येतो, मी स्वतः दिसत नाही, पण आवाज लपत नाही. मी म्हणते, "पायानं कुठं कुरडया करत्यात का? देवाच्या ताटात जाती ती. काढ ते अन् हातानं दाब." आणि तू वर बघतेस, हसतेस आणि म्हणतेस, "अक्का, उद्या मी नसले तं तुम्हाला एकटीला जमाया पाहिजे. म्हणून केलंय."

साहेबांनी व्हिडिओ थांबवला. तुझं तोंड उघडंच राहिलं पडद्यावर. त्यांनी विचारलं, मॅडम, या बाई कोण? निकिता टेबलाखाली माझ्या पायावर पाय देत होती, म्हणजे काहीतरी कायद्याचं बोलायचं होतं, स्प्रिंगचं, तारेचं, आमच्या दांड्याची लांबी वेगळी आहे वगैरे. मी म्हणाले, "ही माझी जाऊ आहे साहेब. युक्ती तिचीच आहे. माझं नाव चुकून लागलं." साहेबांनी व्हिडिओ बंद केला. मग म्हणाले, ठीक आहे, नोंद करतो. निकितानं बाहेर आल्यावर मला चहा पाजला, शहाणी पोरगी आहे. अर्ज मागे घेतला.

तेव्हापासून मी तो व्हिडिओ रोज बघते. आता दोनशे चौदाचे किती झाले असतील ते तूच बघ, सगळे मीच आहे. आधी मी दांडा बघायची, कुठं बांधलाय, कसा बांधलाय. आता नुसती तू 'अक्का' म्हणतेस तिथपर्यंत बघते आणि परत मागं नेते. मला तुझी फार आठवण येते, फुला. सणावाराची नाही, सणावाराला घर भरलेलं असतं. मला सकाळी गच्चीवर आठवण येते, चीक घोटताना बाजूला कुणाचीतरी बांगडी वाजली पाहिजे असं वाटतं तेव्हा. यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, मी बांगड्या भरू का. असा माणूस आहे.

यंत्र गच्चीवर झाकून ठेवलंय. चालतं अजून. बाकी लिहिण्यासारखं विशेष काही नाही. भावजींच्या गोळ्या वेळेवर दे, नातवाला दृष्ट लागेल असे फोटो स्टेटसला ठेवू नकोस, आणि कंबरेला शेक घे.

तुझी अक्का,
लता

ता.क. पायडल भंगारातून आणलं असं वर लिहिलंय ते खरं नाही. ते तुझंच आहे, माळ्यावर होतं. त्याला तू बांधलेली दोरीही तशीच होती. ती सोडून मी तार लावली. गाठ सोडायला मला अर्धा तास लागला, एवढी घट्ट बांधली होतीस. म्हणजे मी विसरले होते असंही काही नाही. साहेबांना 'चुकून' म्हणाले, तुला नाही म्हणवत.

ता.क. २. रविराजला सांग, तो व्हिडिओ काढून टाकू नकोस. कायद्यासाठी नव्हे.

ता.क. ३. यंत्र चालतं असं लिहिलं, पण त्यावर एकटीनं दीड किलोच्या वर होत नाही. मागच्या वर्षीही दीडच किलो झाल्या. हे पत्र तुला शनिवारी मिळेल असं कुरियरवाला म्हणाला. मी सोमवारी गहू भिजत घालणार आहे. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, गुरुवारी वाटून चीक काढायचा, शुक्रवारी सकाळी तो शिजवावाच लागतो, नाहीतर आंबतो, हे तुला मी सांगायला नको. सात किलो घालते आहे.