मामांनी लिहिलेला वखारीचा पट्टा

मामा, आज आपली वखार रिकामी झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज दुपारभर तुम्ही माझ्या आसपास होतात. अमरावतीच्या बाजारामागची ही वखार तुम्ही भाड्यानं दिलीत तेव्हा अमेरिकेत लढाई पेटून तिकडचा कापूस बंद झाला होता आणि विलायतेला आपल्या वऱ्हाडच्या कापसाची हाव सुटली होती. जो तो एकेका हंगामाचा पट्टा करायचा, म्हणजे पुढच्या दसऱ्याला भाडं वाढवायला मोकळा. तुम्ही मात्र, स्वतः वकील असून, दर्यापूरकडच्या एका नवख्या व्यापाऱ्याला लांब मुदत देऊन बसलात. मी पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीवर आलेलो, ओसरीवर नुसता तडतडत होतो. "मामा, लोकं हसून राहिले आपल्याले!" तुम्ही मानही वर केली नाहीत. "हसू दे. ज्याले दसऱ्याले उठाचं आहे, तो तुह्या छपराचं फुटकं कवेलू कायले बदलवीन? सांग ना, पंडित."

तुमची पट्टा लिहायची रीत मी दुसऱ्या कुठल्या वकिलाकडे पाहिली नाही. रिकाम्या वखारीत पोत्यांवर बसायचं, मालकानं भाडेकरूची बाजू बोलायची आणि भाडेकरूनं मालकाची. तुम्ही हात जोडून त्या व्यापाऱ्याला विचारता, "मालक, मी गाठी बांधाचा प्रेस बसवला तं जाताना नेऊ का?" तो आधी लाजतो, मग मांडी ठोकून बसतो. "ने बाप्पा. तुहा आहे तं तुहा. पण खड्डा बुजवून दे." भिंत खचली तर मालकानं बांधायची, छपराची कौलं भाडेकरूनं बदलायची, न विचारता पोटभाडेकरू ठेवायचा नाही, सगळं असंच ठरत गेलं. "अन् वखारीत चिलीम ओढली तं?" "त्याच दिवशी बाहेर!" तो गरजला, तेव्हा त्याची स्वतःची चिलीम त्याच्या हातात होती. तुम्ही मला म्हणालात, "लिही." मग हळूच विचारलंत, "मालक, भाव पडला तं मी काय करू?" त्यानं चिलीम खाली ठेवली. "महिनाभर आधी सांग, किल्ली दे अन् जा. अडवून काय करू तुले?" तेही मी लिहिलं, पण दात खाऊन.

भाव पडला तो तुम्ही गेल्यावर. बाजारात मालकांनी भाडेकरूंचे प्रेस कुलपात घातले, भाडेकरू माल टाकून पळाले. केव्हाही जायला मोकळा असलेला आपला भाडेकरू मात्र टिकला. मी कॉलेज सोडून आलो त्याचं कारण मामीला मी प्रोफेसरांशी झालेलं भांडण सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धंच. वखारीला लागून भाडेकरूचं घर, आणि त्याची विधवा बहीण, माझ्याच वयाची, तिथं त्याचा संसार सांभाळायची. मालकाकडचा म्हणून मी रोज भिंत पाहायला जायचो. एकदा ती चुलीपासून न उठता म्हणाली, "भाचेबुवा, भिंत पायून झाली असन तं घरी जा. काल होती तिथंच आहे ते."

गेल्या महिन्यात तिचा भाऊ आला. भाव काही उठत नाही, आगगाडी अकोल्यावरून जाते, धंदा तिकडेच नेतो म्हणाला. माझं डोकं फिरलं. "नाही जाता येणार! प्रेस इथंच राहीन!" शेजारच्या वखारींचे मालक माझ्या पाठीशी होतेच. तो चिडला नाही. "पट्टा पाहा ना, भाचेबुवा. ते कलम माह्याच तोंडचं आहे. मालक होतो ना मी तवा!" दारात ती उभी होती, हसत नव्हती. मामा, प्रेस अडवला असता तर ती राहिली असती, आणि पुन्हा त्या चुलीपाशी जायला मला तोंड उरलं नसतं. "किल्ली दे अन् जा" या एका ओळीत तुम्ही त्याला वाचवलंत असं मी इतकी वर्षं समजत होतो. तुम्ही मलाही सावरून धरलं होतंत. मी आज किल्ली घेतली. प्रेस गाडीवर चढवायला खांदाही दिला.

जाताना तो म्हणाला, "अकोल्याचा मालक एकाच हंगामाचं म्हणते, पट्टा तुमीच लिहा." आत्ता तोच लिहितोय. मुदत लांब मागा, त्याशिवाय प्रेस बसवू नका, असं मी त्याला ठासून सांगितलं. भाडेकरूच्या हिताचं तेच आहे, तुम्हीही तेच सांगितलं असतं. पण मामा, मी ते प्रेससाठी सांगितलं नाही. ती कुठे असेल, ते मला पक्कं ठाऊक असायला हवं होतं.